खांद्याला हळद

शरयू अपूर्णांक सोडवत होती आणि केशव तिच्या शेजारी हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसला होता. उत्तर सांगायचं नाही, वहीवर नजर रोखायची नाही, मुलाच्या कपाळाला आठी पडली तरी आपण हलायचं नाही. चूक होऊ द्यायची, आणि ती मुलालाच सापडेपर्यंत थांबायचं. शाळेत त्याची ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. तेवढ्यात बाहेर, वर्ध्यातल्या सिंदी मेघेच्या वळणावर, कुणाची तरी जीप खोकली आणि आचके देत बंद पडली. ड्रायव्हरने स्टार्टर मारला, पुन्हा मारला. शरयूने मान वर केली नाही. पेन्सिल चालवता चालवताच ती म्हणाली, "बिडी पिऊ दे ना तिले जराशी. दमली असन." आणि आत स्वयंपाकघरात इंदिरा खळखळून हसली.

एवढंच झालं. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. मुलीचं गणित बरोबर आलं, तिने खाली दोन रेघा मारल्या, बाहेरची जीपही थोड्या वेळाने सुरू होऊन निघून गेली. पण केशवच्या छातीत काहीतरी बारीक टोचलं आणि टोचतच राहिलं, पायात रुतलेलं कुसळ दिसत नाही पण पाऊल टेकलं की कळतं तसं. ते वाक्य रूपरावचं होतं. रूपराव त्याचा थोरला भाऊ, वडनेरला शेती करणारा. त्याची गाडी रस्त्यात बंद पडली की तो असंच म्हणायचा, बॉनेटवर हात फिरवून खाली उतरायचा आणि बिडी पेटवायचा. शब्द त्याचे, त्यातला तो लाडिक आळसही त्याचा, आणि ते निघाले होते शरयूच्या तोंडून, केशवच्या घरात, केशवने शिकवायला घेतलेल्या गणितावरून मान वर न करता. इंदिरा अशी हसलेली त्याने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. ती तारेच्या कचेरीतून संध्याकाळी थकून यायची. तोवर केशवच्या शिकवणीची मुलं ओसरीवर बसलेली असायची. शरयू आतल्या खोलीत एकटी. चौथीतली मुलगी, तिला एकटं बसायची सवय आहे, असं तो म्हणायचा. इंदिरा एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली होती, "दुसऱ्यांच्या पोरांमधून उठाल तेव्हा हिच्याजवळ बसाल ना." दुसऱ्या दिवसापासून शिकवणी संपली की तो तिला जवळ घेऊन बसू लागला, आणि बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मुलीचं बरंचसं मन आधीच दुसरीकडे जाऊन राहिलं आहे.

ती गाडी म्हणजे मागे उघडा डाला असलेली जुनी जीप. रूपरावने दोन बैलजोड्यांपैकी एक विकून ती आणली होती. कधी काळी पांढरी असावी, म्हणून तिचं नाव ढवळी. भाजीपाला, खताची पोती, लग्नाच्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या, सगळं त्या डाल्यातून जायचं. आणि ढवळी बंद पडायची. केव्हा पडेल याचा नेम नव्हता. भरलेली असताना चढावर पळायची आणि रिकामी असताना सपाट रस्त्यावर थांबायची. भर मे महिन्यात, पाखरं झाडावरून खाली पडतात त्या उन्हात, बिनतक्रार हिंगणघाटला जाऊन यायची, आणि थंडीतल्या गार सकाळी गावाची वेस ओलांडली की मान टाकायची. मग सगळ्यांनी उतरायचं, सावली शोधून बसायचं. थोड्या वेळाने आपोआप सुरू. हिंगणघाटच्या बंडूजी मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला, पंप उघडला, वायरी बदलल्या. त्याच्याकडे नेली की ती गरीब गाईसारखी उभी राहायची, दिवसभर चालायची. "रूपरावजी, तुमच्या गाडीले काई झालं नाई," तो म्हणायचा. "थे लाडावली." रूपरावला हे निदान फार आवडलं होतं. तो सगळ्या गावाला सांगत सुटला.

आणि शरयू. बंद पडलेली गाडी हा तिच्या सुटीतला सगळ्यात मोठा आनंद होता. केशवने तिला काय काय दाखवलं होतं. सेवाग्रामच्या रस्त्याने नेताना पानांचे आकार, चांदण्या रात्री अंगणात उभं करून सप्तर्षी, मेणबत्तीवर पेला पालथा घालून विझणारी ज्योत. ती पाहायची, शहाण्या मुलीसारखी "हो बाबा" म्हणायची. वडनेरहून आली की मात्र तिच्या बोलण्याला खळ नसायची. गाडी कुठे थांबली, तिथे बोरीच्या झाडावर कसलं घरटं होतं, मोठेबाबाने कोणाच्या शेतातून मुगाच्या शेंगा आणल्या, मागून येणाऱ्या बैलबंडीवाल्याने काय टोमणा मारला आणि मोठेबाबाने त्याला काय परत दिलं. मोठेबाबा, मोठी माय. चुलत्याला आणि चुलतीला हाक मारायची ती घरचीच रीत होती, केशवही लहानपणी तसंच म्हणायचा. पण तिच्या तोंडून ती हाक ऐकताना त्याला आताशा वाटू लागलं होतं की बाप नावाची एक जागा आहे, तिच्यात दोघे बसले आहेत आणि त्यातला एक आधीपासून मोठा ठरून गेला आहे. शरयू हे नाव त्याने ठेवलं होतं, विचार करून. तिकडे तिला सगळे शरे म्हणत. तिकडून आली की चार दिवस ती "मी येतो, मी जातो" असं बोलायची आणि तो शांतपणे, न रागावता, "येते, जाते" असं सांगायचा. ती सुधारायची. तिच्या त्या पटकन सुधारण्यानेच त्याला एकटं वाटायचं.

राग यावा असं रूपरावने कधी काही केलं नव्हतं. तीच तर अडचण होती. राग आला असता तर केशवला धरायला काहीतरी मिळालं असतं. लहानपणी दोघे मिळून बैल धुवायला ओढ्यावर न्यायचे. केशव सांगितलं ते सगळं नीट करायचा, शिंगं घासायचा, खूर साफ करायचा, आणि बैल त्याच्या हाताखाली दगडासारखा उभा राहायचा. रूपराव काहीच करायचा नाही, नुसता त्याच्या मानेवर रेलून कुणाशी तरी बोलत असायचा, आणि बैल डोळे अर्धे मिटून मान त्याच्या अंगावर टाकायचा. केशवने एकदा ते बराच वेळ पाहिलं होतं. हातात घासणीचा नारळाचा काथ्या, पायांना गार पाणी लागत होतं. आपण काय कमी करतो आहोत ते शोधून काढायचा त्याने प्रयत्न केला होता. पुढे तो मास्तर झाला, आणि मुलं त्याच्याकडे ओढीने येऊ लागली तेव्हा त्याला वाटलं होतं की ते एकदाचं सापडलं. थांबणं, वाट पाहणं, हेच ते असावं. रूपराव आणि त्याची बायको देवकाबाई यांना मूल नव्हतं. ते त्यांचं दुःख म्हणून केशवने मनात एका बाजूला नीट ठेवून दिलं होतं, आणि त्या दुःखाबद्दल त्याला खरी माया होती, जोवर त्याचं आपल्या घराशी काही घेणंदेणं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या पोळ्याला रूपरावने उरलेल्या जोडीबरोबर गाडीचीही खांदशेकणी केली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोणी-हळदीने चोळायचे, जू ओढून सोलवटलेल्या जागेला पळसाच्या पानाने शेक द्यायचा आणि त्याच्या कानाशी लागून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैलांचं झाल्यावर शरयूने विचारलं, "मोठेबाबा, ढवळीचा खांदा कुठं हाय?" माणसं हसली. रूपराव हसला नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, विचार केला, आणि ड्रायव्हरच्या दारामागे, जिथे पेट्रोलच्या टाकीचं वाटीएवढं झाकण होतं तिथे तळवा टेकवला. "इथं. इथूनच जेवते, इथूनच जोर येते तिले." मग शरयूने दोन्ही हातांनी वायगावची ती लालसर पिवळी हळद लोण्यात कालवून तिथे चोळली, झाकणावर, झाकणाभोवती, आणि पत्र्याला ओठ लावून आवतण दिलं. पुढे बैलाला वर्षातून एकदाच पण गाडीला मात्र वडनेरला जाईल तेव्हा, असा तिने स्वतःच नेम केला. कारण बैलाला पावसात सुटी असते आणि ढवळीला नसते. देवकाबाई लोण्याची वाटी तिच्यासाठी वेगळी काढून ठेवायच्या.

हे सगळं केशवला कौतुकाचं वाटायचं, किंवा वाटतं असं तो म्हणायचा, आषाढातल्या त्या दिवसापर्यंत. शरयूला घेऊन दोघे भाऊ वर्ध्याला निघालेले असताना गाडी अशीच थांबली. आभाळ भरून आलेलं, हवा गार. रूपराव आणि शरयू रेडिएटरसाठी पाणी आणायला एका शेतातल्या विहिरीकडे गेले. केशव एकटाच राहिला. करायला काही नव्हतं म्हणून टाकीत पेट्रोल तरी आहे का हे पाहायला त्याने झाकण फिरवलं, आणि झाकण सुटताच टाकीने आत श्वास ओढला. रडून थांबलेलं मूल हुंदका गिळताना ओढतं तसा लांब, थरथरता श्वास. तो चमकला. मग झाकण हातात घेऊन पाहू लागला. मधोमध सुईच्या नेढ्याएवढं एक भोक होतं, हवा आत जायला ठेवलेलं, आणि त्यात पिवळं, घट्ट, धूळ बसलेलं लोणी भरलं होतं. एका क्षणात सगळं उलगडलं. उन्हात का चालते, गारव्यात का थांबते, बंडूजीकडे टाकी उघडली की आजार का पळतो, शरयू येऊन गेल्यावरच जास्त का अडते. असा आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. हाक मारायला त्याने तोंड उघडलं. समोर शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, ते दोघे येत होते. शरयूच्या हातात भरलेला गडवा, दुसऱ्या हातात रूपरावचं बोट. पाणी तिच्या झग्यावर हिंदकळत होतं आणि ती मान मागे टाकून हसत होती. केशवने झाकण परत लावलं. घट्ट फिरवलं. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली तेव्हा रूपराव म्हणाला, "पाह्य, पाणी पाजल्याबरोबर उठली," आणि केशव म्हणाला, "हो ना."

त्याने ठरवून लपवलं असं नाही. त्या दिवशी सांगायचं राहिलं, आणि नंतर त्याचा उपयोग होऊ लागला. कारण श्रावणात रूपराव वर्ध्याला आला आणि चहा पिता पिता, बशीत पाहत म्हणाला, "केशव, पोट्टी पाचवीत गेली का हिंगणघाटच्या शाळेत टाकू. आमच्या घरी राहीन. मी रोज ढवळीनं नेईन, आणीन. तुमी दोघं नोकरीवाले. तुह्या वैनीलेही…" वाक्य त्याने तिथेच सोडलं. इंदिरा नाही म्हणाली नाही हे केशवला दिसलं. दाराआड शरयू उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. तेव्हा केशव शांतपणे, शिक्षकासारखा म्हणाला, "दादा, मला काही हरकत नाही. पण त्या गाडीचा भरवसा काय? परीक्षेच्या दिवशी रस्त्यात बंद पडली तर?" रूपराव खाली पाहत राहिला. "हाव, थे तं हाय," तो म्हणाला. आणि त्या रात्री अंथरुणावर केशवला ते इवलंसं बुजलेलं भोक आठवलं, आणि आपल्या हातात कुणाला न दिसणारी एक किल्ली आहे असं वाटून त्याला गाढ झोप लागली.

पोळ्याला मुलगी आधीच वडनेरला गेली होती. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. केशव तिला आणायला गेला तेव्हा गल्लीत चाकांचे लाकडी बैल ओढत पोरं निघाली होती. शरयूच्या बैलाला कागदाची झूल होती. तिने त्याला लांबूनच हात केला आणि पुन्हा रांगेत वळली. दुपारी जेवणं झाली. देवकाबाईंनी इंदिरेसाठी पुरणपोळ्या फडक्यात बांधून दिल्या. ढवळी अंगणात उभी होती, कपाळाला बेगड लावलेली, गेरूचे पंजे उमटवलेली. रूपरावने टायरला लाथ मारून पाहिली.

"बंडूजीनं नवा पंप बसोला, मास्तर," तो म्हणाला. "आता पाह्य. वर्ध्यापर्यंत बंद नाई पडली तं पोट्टी आमची. पडली तं तुही. बोल."

"काय बाप्पा!" देवकाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "पोरीवर पैजा लावते का कोनी? ढोर हाय का थे?" पण त्या केशवकडे पाहत होत्या, आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळणं त्यांनी थांबवलं होतं.

"मजाक हाय ना वं," रूपराव म्हणाला, आणि तोही केशवकडेच पाहत होता.

"चालेल," केशव हसून म्हणाला.

शरयूने ऐकलं होतं. ती पळत घरात गेली आणि वाटी घेऊन आली. परवाची लोणी-हळद उरलेली होती. तिने झाकणावर ती चोळली, सगळीकडून, अंगठ्याने दाबून दाबून, ओठ आवळून, एखादं अवघड अक्षर गिरवताना मूल करतं तसा चेहरा करून. मग वाटी पुसून उरलेलंही लावलं. केशव हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने पोळ्यांचं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

ती मध्ये बसली, गिअरपाशी. तो खिडकीशी. आभाळ झाकोळलेलं होतं, वारा गार होता, आणि त्याला ते बरं वाटत होतं आणि आपल्याला ते बरं वाटतं आहे हे त्याला दिसत होतं. मूल धडा वाचत असताना पुढच्या ओळीतला कोणता शब्द त्याला अडवणार हे मास्तरला आधीच कळतं आणि कान त्या शब्दापाशी जाऊन थांबतो, तसा त्याचा कान इंजिनाच्या आवाजापुढे जाऊन थांबला होता. हिंगणघाट आलं, वणा नदीचा पूल मागे पडला. गाडी चाललीच होती. शरयू ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. तिचा हळदीचा हात डॅशबोर्डवर पालथा टेकलेला होता, चालणाऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. रूपराव बोलत नव्हता, एरवी तो गाडी चालवताना गप्प बसत नसे. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी फुलावर होती. केशवच्या मनात आलं, जर नाहीच बंद पडली तर. लोणी कुठेतरी सुटलं असेल, एखाद्या खड्ड्यात झाकण सैल झालं असेल. समजा ही मुलगी खरंच गेली. संध्याकाळी ओसरीवर शिकवणीची मुलं असतील आणि आतली खोली रिकामी असेल, म्हणजे तशी ती आताही असल्यासारखीच असते, पण मग ती खरोखर रिकामी असेल. आणि तेवढ्यात, वर्धा थोडंच उरलेलं असताना, ढवळीने एक उसासा टाकला, पुढे झेपावली, मागे ओढली गेली आणि थांबली. त्याच्या पोटातून जे वर आलं ते सुख होतं. त्याने खिडकीबाहेर तोंड वळवलं.

रूपरावने किल्ली एकदाच फिरवून पाहिली. मग हात मांडीवर ठेवले. "हारलो, बापा," तो म्हणाला. "पोरगी तुही." हसला, उतरला, रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन उकिडवा बसला आणि बिडी शोधू लागला. खिशात बिडी होती तरी तो बराच वेळ शोधत राहिला.

सगळं झालं होतं. केशवला काही बोलायची गरज नव्हती. पण शरयू खाली उतरली, गाडीच्या पुढे गेली आणि बेगड लावलेल्या बॉनेटवर तिने गाल टेकवला. "असं काऊन केलं वं ढवळे? म्या तं दोन डाव लावली तुले हळद. काऊन असं केलं?" हळू, मऊ, रागावण्यातही समजूत घालणाऱ्या आवाजात. हा आवाज तिच्याजवळ आहे हे केशवला ठाऊकच नव्हतं. त्याच्यासाठी तो एकदाही निघाला नव्हता. मेणबत्तीसाठी नाही, सप्तर्षींसाठी नाही. एका मोडक्या गाडीच्या पत्र्यासाठी होता. जिंकलेलं सगळं त्याच्या हातात थंड पडलं. मग ती वळली आणि त्याच्याकडे आली. डोळे भरलेले.

"बाबा, काऊन बंद पडली?"

मोठेबाबांना नाही, त्याला विचारलं होतं. असा प्रश्न मुलाच्या मनातून उठून यावा म्हणून मास्तर आयुष्यभर थांबतो. तो तिच्यासमोर खाली बसला, तिच्या उंचीला आला. त्याचा आवाज शांत होता, वर्गात असायचा तसाच.

"मोठी माय तेलाचा नवा पिपा फोडते, तेव्हा त्याला भोकं किती पाडते?"

"दोन."

"एकातून तेल येतं. मग दुसरं कशाला?"

ती थांबली. तो थांबला. बाभळीवर एक होला घुमत होता. "हवा जायला," ती म्हणाली. वडनेरहून येताना कधी नव्हे ते प्रमाण भाषेत.

"शाबास. आणि त्या दुसऱ्या भोकावर बोट ठेवलं तर?"

"धार बारीक होते. मग बंद होते." तिच्या डोळ्यांतलं पाणी थबकलं होतं, आत काहीतरी उजळू लागलं होतं. हा उजेड तो ओळखत होता. त्याच्यासाठी तर तो मास्तर झाला होता. "बाबा! गाडीचं पेट्रोलही तसंच येते का? टाकीतून?"

"मग टाकीला हवा कुठून मिळत असेल? शोध बरं."

ती धावली. गाडीभोवती फिरली, चाकांमागे वाकून पाहिलं, मग ड्रायव्हरच्या दारामागे थांबली. बाभळीखाली रूपरावच्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली होती. केशवला शेवटची पायरी दिसत होती. पहिला प्रश्न विचारला तेव्हापासूनच दिसत होती. इथे थांबता आलं असतं. "वा, सापडलं, आता आपण साफ करू," असं म्हणून झाकण आपल्या हातात घेता आलं असतं. एवढ्यावर धडा पुरा होत होता. तिच्या पाठीमागे जाऊन तो उभा राहिला.

"झाकणाला भोक हाय," ती आनंदाने म्हणाली. "बारकं. पण हे तं बुजलं."

"कशानं?" केशवने विचारलं.

ती वाकून पाहत होती. वाकलेलीच राहिली. मग तिने आपला उजवा हात वर केला, उलटा सुलटा करून पाहिला, पिवळा, नखांच्या कडांतही पिवळा, आणि पुन्हा झाकणाकडे पाहिलं. तिच्या मानेवरचे बारीक केस वाऱ्याने हलत होते. केशव उत्तराची वाट पाहत उभा होता आणि उत्तर आलेलं होतं.

"मायच्यान!" रूपराव बाभळीखालून उठून आला, मोठ्याने हसत. "म्हंजे आपुनच तिचं नाक दाबून राह्यलो होतो का? अन वरतून म्हनतो, ऊठ! भल्ली सोसली बिचारीनं. शरे, अवं तुले खांदा मीच दाखोला ना? माहीच अक्कल गहान. बैलाचा खांदा अन नाक कळत नाई मले." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हसली नाही. त्या हाताखालून ती हळूच सरकली, बाभळीपाशी गेली, एक लांब काटा मोडून आणला आणि झाकण काढून ते भोक साफ करू लागली. लोणी काढून झालं, हळद निघाली, भोकातून पलीकडचा उजेड दिसू लागला, तरी ती काटा फिरवतच राहिली.

रूपराव केशवजवळ येऊन उभा राहिला. हलक्या आवाजात म्हणाला, "कधीपासून माईत होतं तुले?"

"आत्ताच सुचलं."

"हं." रूपराव रस्त्याकडे पाहत होता. "तू मास्तर हायस. तुले सुचाचंच."

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. शरयू यावेळी मध्ये बसली नाही, केशवला आत जाऊ देऊन स्वतः खिडकीशी बसली, हात मांडीत झाकून. "चला बाबा," ती म्हणाली, "उशीर होईल आपल्याला." घरापर्यंत ढवळी कुठे अडखळली नाही. रूपरावने चहा उभ्यानेच घेतला. निघताना त्याने विचारलं, "दिवाळीले येजो ना, शरे?" ती आईच्या मागे उभी राहून म्हणाली, "पाहू." मग तो गेला, आणि केशव दारात उभा राहून त्या आवाजाचा पाठलाग करत राहिला. वळण, नाक्याचा चढ, त्यापुढचा रस्ता. आवाज थांबला नाही. लहान होत गेला आणि नाहीसा झाला. केशवच्या मनात कुठेतरी असं होतं की त्याने एकदा तरी थांबावं.

संध्याकाळी त्याने ओसरीवरच्या मुलांना परत पाठवलं आणि आतल्या खोलीत शरयूजवळ येऊन बसला. तिने हात घासघासून धुतले होते. राखेने धुतले असावेत, बोटं लाल झाली होती. तिने भूगोलाचं पुस्तक काढलं, अंधारून आलं म्हणून उठून दिव्याचं बटण दाबलं, आणि दिवा लागताच गेला. बाहेर रस्त्यावरून पोरांचा ओरडा उठला. इंदिरा आतून म्हणाली, "गेली वाटतं लाइट."

अंधारात शरयू भिंतीपाशी तशीच उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "मी काही केलं नाही."

"तू काय करणार?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच वेगळा लागला. "अगं, सगळ्या वस्तीची गेली आहे. इकडे ये, बाहेर बघ. समोर अंधार आहे, कोपऱ्यावर अंधार आहे. तारा तुटतात, वरूनच बंद करतात, रोज कुठे ना कुठे होतं हे. आपल्या घरातल्या कुणामुळे असं होतच नाही." प्रश्न न विचारता, न थांबता, सगळी उत्तरं तो एकामागून एक सांगत सुटला. वाट पाहायची त्याला भीती वाटत होती.

"हो बाबा," ती म्हणाली.

तो काड्यापेटी चाचपत होता. मग अंधारातून तिने अगदी शांतपणे, एक एक पायरी चढावी तसं विचारलं,

"पण मी बटण दाबलं, तेव्हाच गेली ना?"